बायबलचा तास आणि घराचा उंबरठा

परदेशात जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणाऱ्या संस्थांच्या कामाला ‘मिशन’ आणि ते काम करणाऱ्याला ‘मिशनरी’ म्हणण्याचा प्रघात मराठीत एकोणिसाव्या शतकात रुळला. बाजारात उभे राहून केलेला उपदेश, छापील पुस्तिकांचे वाटप, दवाखाने, दुष्काळातील मदत अशी या कामाची अनेक अंगे होती; परंतु त्यांत सर्वांत नाजूक अंग होते ते विद्यार्थ्यांपुढे धर्म मांडण्याचे, कारण येथे ऐकणारा हा वाटसरू नसे. बाजारातल्या श्रोत्याला उपदेश पटला नाही तर तो चालू लागे आणि विषय तेथेच संपे. वर्गातला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी येऊन बसणार असे, त्याच गुरूकडून भूमिती आणि इंग्रजी शिकणार असे, आणि त्या गुरूविषयी त्याच्या मनात जो आदर वाढत जाई तो भूमितीपुरता किती आणि धर्मापुरता किती, हे त्याचे त्यालाही सांगता येत नसे. ही गुंतागुंत समजून घेण्यासाठी मुंबई इलाख्यात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांचा इतिहास फार उपयोगी पडतो. मराठी गद्य, मराठी समाजसुधारणा आणि मराठी ख्रिस्ती समाज या तिन्हींच्या मुळाशी त्या वर्गखोल्या आहेत.

ईस्ट इंडिया कंपनी प्रारंभी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात येऊ देण्यास राजी नव्हती, कारण रयतेच्या धर्मात हात घातला तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येतील अशी तिला धास्ती होती. 1813 च्या सनदेने ही आडकाठी सैल केली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले होते, आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला सुरुवात झाली. स्कॉटिश मिशनरी त्यानंतर दहा वर्षांनी कोकणात बाणकोट आणि हर्णै येथे आले. या मंडळींतील सर्वांत प्रभावी पुरुष म्हणजे जॉन विल्सन. 1804 मध्ये स्कॉटलंडमधील लॉडर या गावी जन्मलेले विल्सन 1829 मध्ये पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस आले, प्रथम मराठी शिकण्यासाठी कोकणात राहिले आणि मग 1875 मध्ये मृत्यू येईपर्यंत, मायदेशच्या मोजक्या फेऱ्या वगळता, मुंबईचेच होऊन राहिले. मार्गारेट विल्सन यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये त्या मुंबईतच वारल्या. 1832 मध्ये सुरू झालेली विल्सन यांची इंग्रजी शाळा पुढे वाढत जाऊन त्यांच्याच नावाचे महाविद्यालय बनली; चौपाटीसमोरची तिची आजची इमारत 1889 मधली आहे.

विद्यार्थ्यांमार्फत धर्मप्रसार करण्याची जी पद्धत या काळात प्रतिष्ठित झाली, तिचा पुरस्कर्ता कलकत्त्यात होता. अलेक्झांडर डफ या तरुण स्कॉटिश मिशनऱ्याने 1830 मध्ये राममोहन रॉय यांच्या साहाय्याने तेथे इंग्रजी शाळा उघडली. त्याचा सिद्धान्त असा की, रस्त्यावर एकेका माणसाला उपदेश करण्यापेक्षा उच्चवर्णीय तरुणांना इंग्रजीतून पाश्चात्त्य विद्येचे संपूर्ण शिक्षण द्यावे. भूगोल आणि खगोल शिकलेल्या मुलाचा मेरुपर्वतावर, सप्तसमुद्रांवर आणि चंद्रसूर्यांना गिळणाऱ्या राहुकेतूंवर विश्वास उरणार नाही, पुराणांची ही भिंत ढासळली की तिच्या जागी बायबल उभे करता येईल, आणि अशा रीतीने तयार झालेले थोडे तरुण पुढे आपल्या समाजाला घेऊन येतील. विल्सन यांनी ही पद्धत काही अंशी स्वीकारली, पण देशी भाषांवरचा भर सोडला नाही. मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी आणि पारशांच्या धर्मग्रंथांची भाषा या साऱ्यांत त्यांनी परिश्रमाने गती मिळवली. ज्याला आपला धर्म सांगायचा त्याचा धर्म आधी मुळातून वाचला पाहिजे, ही त्यांची शिस्त होती. त्या वाचनाचा उपयोग त्यांनी बहुतांशी खंडनासाठी केला हे खरे असले, तरी परक्याच्या ग्रंथांवर इतकी वर्षे खर्च करणारा माणूस आदरास पात्र आहे, हे त्यांच्या विरोधकांनाही जाणवत असावे. 1830 च्या सुमारास त्यांनी शास्त्री मंडळींशी मुंबईत जाहीर वाद केले, मोरभट दांडेकर यांनी हिंदू धर्माच्या बाजूने मराठीत पुस्तक लिहिले आणि विल्सन यांनी त्याला उत्तर दिले. धर्मविषयक मुद्रित वादाची मराठीतील परंपरा येथून सुरू होते.

शाळेतला दिनक्रम वरकरणी साधा होता. व्याकरण, अंकगणित, भूमिती, भूगोल, इतिहास आणि पदार्थविज्ञान यांच्या जोडीला रोजचा बायबलचा तास असे आणि लहान वर्गांत ‘कॅटेकिझम’ म्हणजे धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी पाठ करून घेतली जाई. देव कोण, पाप म्हणजे काय, तारण कशाने होते, अशा ठरलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरे द्यायची, असे तिचे स्वरूप होते. संथा घेण्याची सवय असलेल्या मुलांना ती अवघड गेली नाही. पालकांना हे सारे ठाऊक होते. इंग्रजी आले तर सरकारी कचेरीत किंवा व्यापारी पेढीत नोकरी मिळते, हे दिसत असल्यामुळे बायबलचा तास ही त्या विद्येची किंमत समजून ते मुले पाठवीत, आणि मुलगा तोंडाने उत्तरे देईल पण मनाने घरचाच राहील अशी त्यांची खात्री असे. मिशनऱ्यांची खात्री नेमकी उलट होती. दोन्ही पक्ष आपापल्या हिशेबात पक्के होते. मधल्या मुलाच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज दोघांनाही उशिराच आला.

तो अंदाज 1839 च्या मे महिन्यात एका धक्क्याने आला. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी काही दिवसांच्या अंतराने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी. त्याने मनुष्य ख्रिस्ती मंडळीचा सभासद होतो. दोघांनीही विशी गाठली नव्हती. मुंबईतील पारशी समाज संतापाने पेटून उठला आणि धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी सुप्रीम कोर्टात ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज झाला. कोंडून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा हुकूम, असा या लॅटिन संज्ञेचा व्यवहारातील अर्थ. धनजीभाई कोर्टात उभे राहिले. मुलगा आपल्या मर्जीने राहत आहे आणि त्याला जेथे जायचे तेथे जाण्याची मोकळीक आहे, असा निकाल मिळाला आणि ते विल्सन यांच्या घरी परतले. मिशनचा हा विजय शाळेला फार महाग पडला. वर्ग ओस पडले, पारशी मुले तर जवळजवळ सगळीच काढून नेली गेली, आणि मिशनऱ्यांना विद्यार्थ्यांच्या धर्मांतरापासून रोखावे असा अर्ज निरनिराळ्या धर्मांच्या नागरिकांनी सरकारकडे केला. धनजीभाई पुढे विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले, एडिंबरोत शिकले, 1846 मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि आयुष्यभर त्यांनी स्वदेशात तेच काम केले. त्यांची निष्ठा अस्सल होती याबद्दल संशयाला जागा नाही. पण तिची किंमत म्हणून त्यांनी जे घर गमावले, त्या घराची भरपाई करण्याचे सामर्थ्य कोणत्याही मिशनकडे नव्हते.

1843 मधले प्रकरण याहून कठीण होते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. नेस्बिट हे विल्सन यांच्याही आधी मुंबई इलाख्यात आलेले आणि मराठीवरील प्रभुत्वासाठी नावाजलेले मिशनरी. नारायणचा धाकटा भाऊ श्रीपत हाही भावामागोमाग मिशनऱ्यांकडे राहावयास आला होता. त्याचे वय बाराच्या आसपास होते. त्याला बाप्तिस्मा मिळाला नव्हता, तथापि तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. वडील कोर्टात गेले. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी, हा मुलगा स्वतःचा धर्म ठरवण्याच्या वयाचा नाही असे मानून, त्याची स्वतःची इच्छा नसतानाही त्याला वडिलांच्या हवाली केले. चार वर्षांपूर्वी मिशनच्या बाजूने लागलेल्या कौलाच्या मागे जे तत्त्व होते, तेच येथे वयाच्या फरकामुळे मिशनच्या विरुद्ध गेले.

श्रीपत घरी आला, पण घर त्याला आत घेईना. पंगतीच्या नियमांनी बांधलेल्या त्या समाजात ख्रिस्ती माणसाच्या हातचे अन्न पोटात गेले म्हणजे जात गेली, आणि बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले की नाही हा प्रश्न त्यापुढे गौण ठरत असे. मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घेता येईल की नाही, यावर मुंबई-पुण्याचे ब्राह्मण दुभंगले. बाळशास्त्री जांभेकर, म्हणजे ‘दर्पण’ पत्राचे संस्थापक आणि एल्फिन्स्टन संस्थेतील विद्वान प्राध्यापक, मुलाला परत घेण्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, आणि त्यापायी त्यांना स्वतःला सनातन्यांचा रोष आणि बहिष्काराचा जाच सोसावा लागला. बारा वर्षांच्या मुलाच्या एका जेवणावर शास्त्रार्थ चालावेत, पत्रे छापली जावीत आणि शहरात तट पडावेत, हे आज चमत्कारिक वाटते. परंतु विद्यार्थ्याला धर्म सांगणे म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे यापेक्षा स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही घटनेत दिसत नाही. मिशनरी त्याच्या आत्म्याविषयी बोलत होते, वडील त्याच्या ताब्याविषयी आणि शास्त्री त्याच्या पोटातल्या अन्नाविषयी. मुलगा मात्र दोन घरांच्या मधल्या अंगणात उभा होता.

या ठिकाणी मिशनऱ्यांच्या दृष्टीतील एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ते ज्या प्रॉटेस्टंट परंपरेतून आले, तीत श्रद्धा ही प्रत्येक माणसाने स्वतःच्या सदसद्विवेकाने देवापुढे घ्यावयाची भूमिका मानली जाते, आणि ख्रिस्तासाठी आईबाप सोडणे हे भूषण ठरते. स्कॉटलंडमध्ये मुलाचा धर्मविचार बदलला तरी त्याची न्हाणीघरातली घागर वेगळी होत नसे. येथे एका निर्णयासरशी त्याचे जेवण, विवाह, वारसा आणि वडिलांच्या चितेला अग्नी देण्याचा अधिकार, सारे एकदम संपत असे. मिशनऱ्यांना हे पुस्तकी ज्ञान म्हणून माहीत होते आणि त्यांनी आपल्या घरांचे दरवाजे या मुलांना उघडलेही. पण तीन-चार वर्षे रोज शिकवून ज्या मुलाचा विश्वास संपादन केला, त्याच्याकडून एवढा मोठा त्याग अपेक्षिताना शिक्षकाच्या अंगी जी जास्तीची सावधगिरी हवी, ती त्यांच्या उत्साहात पुष्कळदा दिसत नाही. दुसऱ्या बाजूचा दोष तितकाच मोठा होता. प्रामाणिकपणे विचार करणाऱ्या मुलाला घरातल्या घरात वेगळे मत बाळगून राहण्याची मुभा समाजाने दिली असती, तर त्याला घर सोडून मिशनऱ्यांच्या बंगल्यावर जावे लागले नसते.

कायद्याने हळूहळू काही दरवाजे किलकिले केले. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे किंवा जात गेल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही असे ठरवले, आणि 1866 मध्ये, ज्या धर्मांतरिताला त्याचा जोडीदार धर्माच्या कारणाने सोडून गेला असेल, त्याला विवाहबंधनातून मोकळे होण्याची वाट कायद्याने दिली. 1854 च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण मांडले. शाळेत धर्म शिकवला जातो की नाही हे न पाहता लौकिक शिक्षणाच्या दर्जावर ते द्यायचे असल्यामुळे मिशनच्या शाळांना त्याचा मोठा आधार मिळाला, आणि त्याचबरोबर परीक्षा आणि निकाल यांची ओढही वाढली. अनुदानासाठी निकाल हवेत आणि निकालासाठी वेळ हवा, अशा साखळीत बायबलचा तास हळूहळू वेळापत्रकातला आणखी एक तास होऊन बसला. बायबलच्या तासाची धार बोथट करण्याचे जे काम न्यायालयांनी आणि वाळीत टाकण्याच्या धमक्यांनी साधले नव्हते, ते परीक्षांनी साधले.

बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्यासारखी राहिली, परंतु वर्गात जे शिकवले गेले ते वाया गेले नाही. ते शिकवणाऱ्यांना अपेक्षित नसलेल्या शेतांत उगवले. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाचे गुप्त मंडळ स्थापन झाले. इंग्रजी शिकलेल्या या तरुणांना एकच देव आणि एकच मनुष्यजात ही कल्पना मनोमन पटली होती, पण ख्रिस्ती व्हायचे नव्हते. सभासद होताना जात मानीत नसल्याची खूण म्हणून ख्रिस्ती भट्टीवाल्याने भाजलेला पाव खावा लागे. मिशनऱ्याच्या घरचे एक जेवण श्रीपतला जातीबाहेर काढण्यास पुरले होते. तोच घास या तरुणांनी बंद दाराआड, स्वखुशीने आणि कोणाला न कळू देता घेतला. पुढे सभासदांची नावे फुटली तेव्हा भीतीने हे मंडळ विखुरले, पण त्यातील काही मंडळींच्या हातून 1867 मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला.

याच सभेत वावरलेला एक तरुण मात्र शेवटपर्यंत गेला. बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 मध्ये बेळगावच्या कासार कुटुंबात झाला. बेळगावची मिशन शाळा आणि नंतर मुंबईची फ्री चर्चची शाळा या दोन्हींत ते शिकले. 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे निघाले, तेव्हा विल्सन आणि त्यांचे सहकारी त्याच्या बाजूने गेले होते. ही शाळा त्यांचीच. पदमनजींना पटले लवकर, पण बाप्तिस्म्याला 1854 उजाडले. मधल्या वर्षांतील घालमेल, घरच्यांविषयीची माया, लोकलज्जा आणि स्वतःच्या भित्रेपणावरचा स्वतःचाच राग हे सारे त्यांनी ‘अरुणोदय’ या 1888 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे, आणि विद्यार्थिदशेतले धर्मांतर आतून कसे घडते याचा मराठीत यापेक्षा प्रांजळ पुरावा मिळणे कठीण आहे. तर्काने हरलेला मुलगा लगेच ख्रिस्ती होत नाही, हे या पुस्तकावरून कळते. वादात मन वळते, पण पाऊल उचलण्यास सोबत लागते, आणि ती सोबत जितकी शिक्षकांची, तितकीच त्याच वाटेवर असलेल्या मित्रांची होती. 1857 मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. हिंदू विधवांच्या दुःखाचे हे कथन मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते.

पुण्यातही स्कॉटिश मिशनची शाळा होती, आणि 1841 ते 1847 या काळात तेथे शिकलेला एक विद्यार्थी ख्रिस्ती झाला नाही, पण मिशनच्या कोणत्याही धर्मांतरितापेक्षा त्याने महाराष्ट्र अधिक बदलला. जोतीराव फुले यांनी मिशनऱ्यांविषयीचा आदर कधी लपवला नाही. शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना शिकवता येते हे त्यांनी मिशनच्या शाळांत प्रत्यक्ष पाहिले होते, आणि अहमदनगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळाही त्यांनी पाहिली होती. तरीही ‘निर्मिक’ म्हणजे सृष्टिकर्त्या देवाची त्यांची कल्पना कोणत्याही चर्चच्या चौकटीत बसणारी नव्हती. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल म्हणजे ज्यू समाजाची गोष्ट याहून विलक्षण आहे. विल्सन यांनी या मुलांना हिब्रू शिकवली आणि 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले, अशा आशेने की आपलाच जुना करार मुळातून वाचल्यावर ते ख्रिस्ताकडे वळतील. फार थोडे वळले. तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवार पाळण्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजाच्या हाती त्याच्या पूर्वजांची भाषा मात्र पुन्हा आली, आणि ज्यू म्हणून त्याची ओळख पातळ होण्याऐवजी घट्ट झाली. मिशनऱ्यांनी याला अपयश म्हटले असेल. ज्ञानाचे दान इतक्या निर्मळपणे सार्थकी लागल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

विद्यार्थी हे समाजाचे दार आहे, या डफ यांच्या गृहीतकाचा खरा निकाल मात्र नारायण शेषाद्री यांच्या आयुष्यात लागला. त्यांच्या मागोमाग ब्राह्मण समाज आला नाही, येण्याचे चिन्हही दिसले नाही. उच्चवर्णीय धर्मांतरित हा आपल्या जातीतून तोडलेला एकटा माणूस असे; ज्या समाजाकडे त्याने पूल व्हायचे, त्याच समाजाने अलीकडचे टोक कापून टाकलेले असे. नारायण शेषाद्री धर्मोपदेशक झाले आणि काही वर्षांनी मुंबईची वर्गखोली सोडून निजामाच्या राज्यातील जालन्यास गेले. तेथे त्यांचे ऐकणारे लोक प्रामुख्याने मांग होते, ज्यांना शाळेचे तोंड कधी पाहू दिले गेले नव्हते आणि गमावण्यासारखी जात ज्यांच्यापाशी नव्हती. येथे धर्म एकेकट्या मुलाच्या नव्हे तर कुटुंबांच्या आणि वस्त्यांच्या निर्णयाने स्वीकारला गेला, त्यामुळे बाप्तिस्म्यानंतर कोणाचे घर सुटले नाही. मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले, 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत जाऊन त्याविषयी सांगितले, आणि परत येऊन 1891 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिले. ज्या ब्राह्मण मुलाने एका पंगतीतून उठून दुसऱ्या घरात पाऊल टाकले होते, त्याचे उरलेले सारे आयुष्य, ज्यांना कोणत्याच पंगतीत जागा नव्हती अशा माणसांच्या शेजारी गेले.